बिट तळाशी काय करतंय, ते बघून ड्रिल करा

एमडब्ल्यूडीच्या, म्हणजे ड्रिलिंग चालू असतानाच तळातल्या टूलने मोजमापं घेण्याच्या कामातली माझी पहिली विहीर. ड्रिलरसमोर आरपीएम १२० वर स्थिर होता. माझ्या पडद्यावर मात्र तळातलं टूल सांगत होतं की बिट (खडक कापणारं टोक) अडकून थांबतंय आणि सुटलं की २५० च्या पुढे पळतंय. ते कोणाला सांगायचं, हे आधी ठरलंच नव्हतं. मी बोलेपर्यंत वीस मिनिटं गेली. बिट वर आलं तेव्हा त्याचे कडेचे कटर तुटलेले होते.

म्हणून पहिलं काम कागदावर करा. कोणता आकडा कुठे पोचला की कोण काय करणार, हे ड्रिलरबरोबर बसून आधीच लिहून ठेवा.

मग कोणते आकडे वर मागवायचे ते ठरवा. मडमधल्या (विहिरीत पंपाने फिरवलेल्या द्रवातल्या) दाबाच्या स्पंदनांतून सेकंदाला डेटाचे मोजकेच बिट येतात. त्यामुळे दिशेची मोजमापं सोडली तर माझा क्रम असा: अॅन्युलसमधला (पाइप आणि विहिरीची भिंत यांमधल्या जागेतला) दाब, स्टिक-स्लिप (बिटाचं ते अडकणं-सुटणं), आडवे धक्के, बिटावरचं खरं वजन. बाकीचं टूलच्या मेमरीत राहू द्या. पडद्यावरचा आकडा अर्ध्या मिनिटापूर्वीचाही असू शकतो, म्हणून एका वेळी एकच बदल करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. ही घाई मी फार वेळा पाहिली आहे: वजन आणि आरपीएम दोन्ही एकदम हलवतात, मग कशाने फरक पडला ते कळतच नाही.

स्टिक-स्लिप दिसलं तर वजन थोडं उतरवा, नंतर आरपीएम वाढवा. त्याने आडवे धक्के वाढू लागले तर बिट व्हर्लमध्ये गेलं, म्हणजे मध्य सोडून भोवऱ्यासारखं घुमू लागलं असण्याची शक्यता असते. तिथे उपाय उलटा: आरपीएम कमी, वजन जास्त. दोन्हींनी जमलं नाही तर बिट तळापासून उचला, स्ट्रिंगमधला (बिटापर्यंत जोडलेल्या पाइपांमधला) पीळ सुटू द्या आणि नव्याने सुरुवात करा.

तिरक्या विहिरीत वर दाखवलेलं वजन आणि तळाला पोचलेलं वजन यातलं अंतर वाढत असेल, तर स्ट्रिंग वाटेत घासतेय. अशा वेळी आणखी वजन टाकू नका.

सगळ्यात जास्त लक्ष मी दाबावर ठेवते. बारमधल्या दाबाला ०.०९८१ गुणिले उभी खोली (मीटर) याने भागलं की ईसीडी मिळते, म्हणजे मड फिरत असताना तळाला जाणवणारी त्याची घनता, पाण्याच्या तुलनेत. ३,००० मीटरवर ४०० बार म्हणजे साधारण १.३६. मड १.२५ चा असेल तर वरचे ०.११ घर्षणाचे आणि कटिंग्जचे (बिटाने कापलेल्या खडकाच्या तुकड्यांचे). पंप आणि आरपीएम तेच असून हा आकडा अपेक्षित घर्षणापेक्षा जास्त चढत असेल, तर कटिंग्ज साचताहेत. ड्रिलिंगचा वेग कमी करा, स्ट्रिंग फिरती ठेवून सर्क्युलेट करा, म्हणजे मड फिरवत राहा. एकदम उसळला तर पॅक-ऑफ, म्हणजे स्ट्रिंगभोवतीची जागा बुजली, असं समजा: पंप लगेच उतरवा, स्ट्रिंग वर ओढू नका.

कनेक्शनला, म्हणजे नवा पाइप जोडताना, पंप बंद, म्हणजे डेटाही बंद. पण टूल त्या वेळचा किमान आणि कमाल दाब साठवून पंप सुरू झाल्यावर पाठवतं. कमाल फार वर गेला असेल तर पुढच्या कनेक्शनला पंप टप्प्याटप्प्याने चढवायला सांगा.

टूल वर आलं की मेमरी उतरवून घ्या. वर न आलेले धक्के तिथे सापडतात, आणि त्यावरून मी तो पहिला कागद पुढच्या सेक्शनसाठी दुरुस्त करते.