खाऱ्या हवेतील जुनी गाडी: वायरिंग बदलण्यापूर्वी अर्थची (अर्थिंगची) जोडणी तपासा
मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचे दिवे मंद झाले, की सगळे वायरिंग बदलण्याची घाई होते. परंतु दोष पुष्कळदा अर्थच्या, म्हणजे दिव्याची तार गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या, गंजलेल्या जोडणीत असतो. दिवे चालू ठेवून मल्टिमीटरची (व्होल्ट मोजणाऱ्या यंत्राची) एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी दिव्याच्या अर्थला लावावी. वाचन ०.२ व्होल्टच्या बरेच वर गेल्यास दिवे बंद करावेत, बॅटरीची ऋण तार सोडवावी, जोडणीखालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासावा, बोल्ट घट्ट आवळावा आणि मगच वरून व्हॅसलिन लावावे. सोललेल्या वायरीतले तांबे काळे-हिरवे दिसल्यास स्वच्छ तांबे लागेपर्यंत ती कापावी. हीटरच्या पंख्यालाही हीच चाचणी चालते, जरी कोकणात त्याची आठवण पावसाळ्यात काच धुरकटल्यावरच होते.