डिस्पॅचरचं सर्टिफिकेट हातात आलं, आता पहिली नोकरी कुठून? सांगली-साताऱ्याच्या पोरापोरींसाठी

आपल्या सांगली, मिरज, कराड, साताऱ्याकडची पोरं-पोरी आता फ्लाईट डिस्पॅचचा, म्हणजे जमिनीवर बसून उड्डाणाचा रूट, हवामान, फ्युएल यांचं नियोजन करायच्या कामाचा, कोर्स करायला लागलीत, कोणी इथेच कुठल्या शहरात करतं, कोणी घरच्यांना कर्ज काढायला लावून अमेरिकेत जाऊन एफएएचं, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाचं, सर्टिफिकेट घेऊन येतं. मग घरी बसून नोकरीच्या साईटवर रोज 'फ्लाईट डिस्पॅचर' सर्च मारायचं, जी जाहिरात दिसेल तिच्यात दोन-तीन वर्षांचा अनुभव मागितलेला, आणि चार-सहा महिन्यांत पोरगं पार खचून जातं. म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पहिली नोकरी बहुतेकांना डिस्पॅचर या नावाने मिळत नाही. ती मिळते ऑपरेशन्सच्या कुठल्यातरी डेस्कवर, आणि आत गेल्यावर डिस्पॅचर होता येतं.

असं का, तर आपल्याकडे इन्स्टिट्यूटचं सर्टिफिकेट म्हणजे डीजीसीएचं (आपल्या विमान वाहतूक नियामकाचं) अप्रूव्हल नव्हे. अप्रूव्हल एअरलाइनमार्फत मिळतं. म्हणजे आधी कंपनी तुम्हाला घेते, तिच्या विमानांवर आणि तिच्या मॅन्युअलप्रमाणे ट्रेनिंग देते, सिनियरच्या शेजारी बसवून ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं ट्रेनिंग, करून घेते, मग परीक्षा, आणि मग कुठे तुमची सही ऑपरेशनल फ्लाईट प्लॅनवर (ओएफपी) चालते. एफएएवाल्यांनाही इथे हेच लागू. यात कंपनीचे पैसे आणि महिने जातात, त्यामुळे ती शक्यतो आतल्या, पारखलेल्या माणसाला पुढे ढकलते. हे एकदा डोक्यात बसलं की नोकरी शोधायची पद्धतच बदलते.

सर्च करताना नावं बदलून बघा. ट्रेनी डिस्पॅच, ओसीसी (ऑपरेशन्स कंट्रोल सेंटर) असिस्टंट, फ्लाईट फॉलोइंग, क्रू ट्रॅकिंग, लोड कंट्रोल, लोड अँड ट्रिम, स्लॉट कोऑर्डिनेशन, काही ठिकाणी नुसतं 'ऑफिसर ऑपरेशन्स' असतं. माझं मत विचाराल तर यातलं लोड कंट्रोल सगळ्यात चांगलं. कारण वजन, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, फ्युएल आणि पेलोडची (प्रवासी-सामानाच्या वजनाची) ओढाताण तिथे रोज हातातून जाते आणि पुढे डिस्पॅचला तेच लागतं. क्रू ट्रॅकिंगही वाईट नाही, एफडीटीएल, म्हणजे क्रूच्या ड्युटीच्या तासांचे नियम, तोंडपाठ होतं, आणि ते किती महत्त्वाचं आहे हे डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली तेव्हा आपल्या घरच्यांनाही कळलं.

आता कुठे. इंडिगो, एअर इंडिया, स्पाइसजेट यांचा कारभार गुरुग्रामला, तेव्हा तिकडे राहायची मनाची तयारी ठेवा. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, गो फर्स्ट मे २०२३ पासून बंद, म्हणजे दारं कमी झालीत आणि त्या कंपन्यांतली अनुभवी माणसंही बाजारात आली. म्हणून फक्त मोठ्यांच्या मागे लागू नका. स्टार एअर आपल्या शेजारच्याच घोडावत ग्रुपची आहे, सांगली-कोल्हापूर रोडला अतिग्रेला ज्यांचं विद्यापीठ आहे तेच, पण मुख्य बेस बेंगळुरू, तेव्हा मिरजेतून राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडायची तयारी ठेवा. अकासाचं ऑफिस मुंबईत. फ्लाय९१ गोव्यातली, एटीआर ही छोटी पंख्याची विमानं चालवते. कार्गोत ब्लू डार्ट एव्हिएशन चेन्नईला.

आणि नॉन-शेड्युल्ड ऑपरेटर, म्हणजे चार्टर आणि हेलिकॉप्टरवाले, मुंबईत बरेच आहेत, जुहूला तर आहेतच. इकडे नवीन पोरं बघतच नाहीत. छोट्या चार्टर कंपनीत एकच माणूस फ्लाईट प्लॅन फाईल करतो, एफआयसी (फ्लाईट इन्फॉर्मेशन सेंटरचा) नंबर आणि एडीसी (हवाई संरक्षणाच्या परवानगीचा) नंबर घेतो, परमिशन बघतो, हँडलिंग एजंटला फोन लावतो आणि क्रूच्या हॉटेलचंही बघतो. पगार मोठा नसेल, पण वर्षभरात जेवढं शिकाल तेवढं मोठ्या कंपनीच्या एका डेस्कवर बसून शिकणार नाही. घरची अडचण असेल, लगेच लांब जाता येत नसेल, तर कोल्हापूरला उजळाईवाडीत किंवा पुण्याला लोहगावला एअरलाइनच्या किंवा ग्राउंड हँडलिंगच्या स्टाफमध्ये लागा. घरी बसण्यापेक्षा ते केव्हाही बरं. आत असलात की इंटर्नल व्हेकन्सी तुम्हाला आधी कळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सराव. कोर्स संपल्यावर तीन-चार महिन्यांत सगळं विसरायला होतं आणि इंटरव्ह्यूचा फोन नेमका तेव्हाच येतो. रोज सकाळी मुंबई, पुणे, दिल्ली, बेंगळुरू, गोवा यांचे मेटार (आत्ताचं हवामान) आणि टॅफ (पुढचा अंदाज) उघडून वाचा, नेटवर फुकट मिळतात. नुसतं डिकोड करून थांबू नका, त्यावर निर्णय घ्या. समजा मुंबईला जुलैत वारा २४० अंशांवरून १८ नॉट, गस्ट (झोत) २८, व्हिजिबिलिटी १५०० मीटर, जोराचा पाऊस आणि २५०० फुटांवर सीबी (गडगडाटी ढग) आहे. रनवे २७ वापरात. वारा आणि रनवेत ३० अंशांचा फरक, साइन ३० म्हणजे अर्धा, तेव्हा क्रॉसविंड (आडवा वारा) ९ नॉट आणि गस्टमध्ये १४. इतपत कोर्स केलेला प्रत्येक जण सांगतो. पुढचं जो सांगतो त्याला घेतात. कॅट वन आयएलएसला (उपकरणांच्या मदतीने उतरायच्या पद्धतीला) साधारण ५५० मीटर आरव्हीआर, म्हणजे रनवेवरची दृश्यता, लागते, म्हणजे आकड्यापुरतं उतरता येतंय, पण रनवे ओला आहे तेव्हा कंपनीच्या मॅन्युअलमधलं वेट क्रॉसविंड लिमिट बघणार का, सीबीमुळे पुढची विमानं होल्डिंगमध्ये (हवेत घिरट्या घालत) साठणार तर जादा होल्डिंग फ्युएल किती मिनिटांचं घालणार, आणि ते घातल्यावर लँडिंग वेट ओलांडतंय का, की पॅसेंजर किंवा सामान कमी करावं लागतंय. असं मोठ्याने बोलून विचार करायची सवय लावा.

ऑल्टरनेटचं, म्हणजे ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर जायच्या दुसऱ्या एअरपोर्टचं, पण तसंच. मुंबईला ऑल्टरनेट काय असं विचारलं की आपला माणूस पटकन पुणे म्हणून मोकळा होतो. पण लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, पार्किंग मर्यादित, नोटॅममध्ये (एअरपोर्टबद्दलच्या सूचनांत) काय आहे बघायला पाहिजे, आणि मुंबईला झोडपणारा पाऊस पुण्यावरही असू शकतो. मग अहमदाबाद, हैदराबाद, गोवा यांचं हवामान आणि तिथपर्यंत लागणारं फ्युएल काढून सांगा. पुणे चूक आहे असं नाही, का निवडलं ते सांगता आलं पाहिजे.

फ्युएलचं गणित कॅल्क्युलेटरशिवाय करा. ट्रिप ५००० किलो धरा, कंटिंजन्सी (अनपेक्षित गरजेसाठी) ५ टक्के म्हणजे २५०, ऑल्टरनेटला १५००, फायनल रिझर्व्ह जेटला ३० मिनिटांचं, समजा ११००, टॅक्सी २००. ब्लॉक फ्युएल, म्हणजे एकूण, ८०५०. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, विमानाप्रमाणे बदलतील, पण ही मांडणी झोपेतून उठवून विचारलं तरी आली पाहिजे. सिमब्रीफ ही साईट फुकट आहे, त्यावर एअरलाइनसारखा ओएफपी तयार होतो. तो सिम्युलेशनसाठीच आहे, खऱ्या उड्डाणाला नाही, पण हात बसायला उत्तम. आठवड्याला दोन-तीन रूट करा, प्रत्येकाखाली तीन-चार ओळी लिहा, हा रूट का, ही लेव्हल (उंची) का, हा ऑल्टरनेट का. त्यातले चांगले चार-पाच प्रिंट काढून फाईलला लावा आणि इंटरव्ह्यूला घेऊन जा. लिडो, जेटप्लॅन, नॅवब्लू या फ्लाईट प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमधलं काही आधी वापरलेलं नसलं तरी चालतं, ते कंपनी शिकवते.

इंग्रजीचा विषय टाळून चालणार नाही. आपली पोरं हुशार असतात पण इंटरव्ह्यूत तोंड उघडत नाहीत, आणि डिस्पॅचर म्हणजे कॅप्टनला फोनवर ब्रीफिंग देणारा माणूस. त्यामुळे घरात कोणाला तरी समोर बसवा, बहीण असो, मावसभाऊ असो, त्यांना कळलं नाही तरी चालेल, आणि दोन मिनिटांत वेदर, नोटॅम, एमईएल (काय बिघडलेलं असताना विमान उडवता येतं त्याची यादी), फ्युएल या क्रमाने इंग्रजीत ब्रीफिंग द्या. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. महिनाभर करा, फरक स्वतःलाच कळेल.

सीव्ही एका पानाचा. वर सर्टिफिकेट आणि तारीख, मग कुठल्या टाइपच्या विमानाचं परफॉर्मन्स शिकलात, मग केलेले ओएफपी, मग शिक्षण. हार्डवर्किंग, टीम प्लेयर वगैरे काढून टाका. त्याऐवजी नाईट शिफ्टला तयार, कुठल्याही बेसला तयार असं लिहा, ते ऑपरेशन्सचा मॅनेजर खरंच वाचतो. करिअर पेजवर अर्ज टाकायचाच, पण सोबत लिंक्डइनवर त्या ओसीसीत काम करणाऱ्या लोकांना मेसेज करा. 'सर प्लीज जॉब द्या' असा नको, त्याला कोणी उत्तर देत नाही. असा करा: 'नमस्कार सर, मी कराडची, डिस्पॅचचा कोर्स पूर्ण झालाय. तुमच्याकडे नवीन माणसाला आधी लोड कंट्रोलला घेतात की फ्लाईट फॉलोइंगला, एवढं सांगाल का? मी केलेला एक ओएफपी जोडलाय, वेळ मिळाला तर चूक दाखवा.' यात समोरच्याला दोन ओळींत उत्तर देता येतं. मराठी माणूस दिसला तर मराठीत लिहा, लाजू नका.

पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा. एअरपोर्टवर नोकरी लावतो, युनिफॉर्मचे भरा, सिक्युरिटी डिपॉझिट भरा असले फोन आपल्या भागात सर्रास येतात, लेटरहेडवर लोगोसकट ऑफर लेटर पण पाठवतात. एअरलाइन नोकरी द्यायला पैसे घेत नाही. आईबापाने गाय विकून, सोनं गहाण ठेवून कोर्सची फी भरलेली असते, त्यांना अजून एकदा लुबाडू देऊ नका, आणि कोणाचं असं झालं असेल तर सरळ सायबर पोलिसांत तक्रार करा, १९३० वर फोन लागतो.

कागदपत्रं आत्ताच गोळा करा. एअरपोर्ट एंट्री पासला पार्श्वभूमीची तपासणी होते, त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता सगळीकडे सारखा लागतो. आधारवर एक स्पेलिंग आणि दहावीच्या मार्कशीटवर दुसरं असेल तर ते आजच दुरुस्तीला टाका, पासपोर्ट काढा. गावात मारामारीच्या केसमध्ये उगाच नाव येईल असल्या भानगडीत पडू नका, खरंच अडतं.

अमेरिकेचं थोडक्यात. एफएएची लेखी परीक्षा ८० प्रश्नांची, ३ तास, पास व्हायला ७० टक्के, आणि सर्टिफिकेट २३ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं. तिकडे पायलट आणि डिस्पॅचर दोघांवर उड्डाणाची संयुक्त जबाबदारी कायद्यानेच असते, त्यामुळे कामाला मान आहे, आणि नवीन माणूस बहुतेक छोट्या रिजनल एअरलाइनमधून सुरुवात करतो. पण तिथे काम करायचा हक्क नसेल तर नुसत्या सर्टिफिकेटवर तिकडे नोकरी मिळत नाही. हे फी भरायच्या आधी विचारा. गल्फचं म्हणाल तर तिकडच्या जाहिरातीत बहुतेक अनुभव मागतात, ते इथे काही वर्षं काढल्यावर बघा.

इंटरव्ह्यूला गुरुग्रामला बोलावलं की गोवा एक्सप्रेस मिरज, सांगली, साताऱ्यावरून थेट निजामुद्दीनला जाते, एक दिवस हातात ठेवून निघा, कारण त्याच दिवशी लेखी टेस्टही घेऊ शकतात. ऑफर आली की आनंदात लगेच सही करू नका. बाँड आहे का, किती वर्षांचा, मधेच सोडलं तर किती भरायचे, ट्रेनिंगमध्ये पूर्ण पगार की स्टायपेंड, डिस्पॅचच्या अप्रूव्हलला कधी पाठवणार, हे मेलवर विचारा आणि उत्तर मेलवरच घ्या. तोंडी आश्वासन देणारा मॅनेजर सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांचं भाडं आणि खाण्याचे पैसे घरून बाजूला काढून न्या, पीजीवाले डिपॉझिट आधी मागतात आणि पहिला पगार यायला वेळ लागतो.