राधानगरी-दाजीपूरला निघालाय? मग या चुका टाळा

मृग जवळ आला की कोल्हापुरातल्या प्रत्येक ग्रुपवर यादी फिरायला लागते. सकाळी पन्हाळा, दुपारी राऊतवाडीचा धबधबा, संध्याकाळी दाजीपूरचं जंगल, रात्री काजवे, सगळं एका रविवारात. पन्हाळा एका दिशेला, राधानगरी दुसऱ्या. एवढी पळापळ करून हाती लागतात चार रील आणि गाडीभर डिझेलचा धूर. पर्यावरणपूरक सहल म्हणजे बांबूचा ब्रश आणि कापडी पिशवी नव्हे. एकच ठिकाण धरा आणि तिथं मुक्काम करा. कोल्हापुरातून राधानगरीला एसटी मिळते आणि अंतर जेमतेम 50 किलोमीटर आहे. चौघांनी चार गाड्या काढायचं काय कारण, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

आता माझं खास दुखणं, काजवे. मे संपता संपता, वळवाच्या सरी झाल्या की राधानगरीच्या जंगलात हिरडा, जांभूळ अशा झाडांवर ते लखलखायला लागतात. हा उजेड आपल्यासाठी नसतो. नर चमकतो, मादी उत्तर देते आणि त्यावर त्यांची जोडी जमते. आपण टॉर्च मारला की हा संवादच तुटतो. पूर्ण वाढलेल्या काजव्याचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं, त्यातली एक रात्र आपण खाल्ली.

एकदा आम्ही एका झाडापासून लांब, अंधारात गप्प बसलो होतो. डोळे सरावले आणि पूर्ण झाड एका लयीत उघडमीट करायला लागलं. तेवढ्यात एक गाडी आली आणि हेडलाइट थेट झाडावर सोडून थांबली. झाड विझलं. मी जाऊन म्हटलं, "दादा, लाइट बंद करा की."

"भावा, दोनच मिनिटं. पोरांना दिसंना झालंय."

"लाइट बंद केल्यावरच दिसतंय ते!"

पटलं नाहीच. वर एकानं झाडाखाली जाऊन फांदी हलवली, काजवे उडावेत म्हणून. मग एका पोरानं दोन-तीन काजवे पाण्याच्या बाटलीत भरले. बाटलीतले चमकेनात, तेव्हा ती बाटली तिथंच टाकून मंडळी परत फिरली. आम्ही बाटली उघडून काजवे सोडले आणि बसून राहिलो, पण झाड पुन्हा पहिल्यासारखं लागायला बराच वेळ गेला. तोवर त्यांची गाडी बहुतेक राधानगरीत पोचली असेल, 'काजवे काय खास नव्हते' असं सांगत.

माझी सवय साधी आहे. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद, तोंड जमिनीकडं आणि तेही फक्त पाय कुठं पडतोय ते बघायला. मोबाइल खिशात. काजव्यांचा फोटो फ्लॅशनं येतच नाही, तरी लोक फ्लॅश मारतात. गावातला वाटाड्या घ्या. पैसे गावात राहतात आणि वाट सोडून कुणाच्या पायाखाली काही जात नाही. काजव्याची अळी जमिनीवरच वाढते, गोगलगायी खाऊन. पालापाचोळा तुडवत फिरणारा माणूस पुढच्या वर्षीचे काजवे तुडवत असतो.

गवा रस्त्यात दिसला तर हॉर्न वाजवू नका. दिवे डिपर करा आणि थांबा. 1958 पासून हे जंगल त्याच्यासाठी राखलेलं आहे, वाट त्याची.

माकडांना वेफर्स नकोत. दाजीपूरपुढच्या फोंडा घाटातही नकोत, घाटात तर अजिबातच नकोत.

पठारावर गाडी घालू नका. जांभ्या खडकावर मातीचा थर बोटभर असतो आणि पावसाळ्यातली फुलं तेवढ्यावरच येतात. चाकाची खूण वर्षानुवर्षं राहते.

दुसरं दुखणं रस्सामंडळ. कोल्हापूरकराला सहलीला जाऊन रस्सा करू नका म्हणणं म्हणजे भांडण ओढवून घेणं, म्हणून मी तसं म्हणत नाही. फक्त ओढ्याकाठी करू नका. तेलकट पातेली ओढ्यात घासली की साबण आणि तवंग दोन्ही खालच्या गावाच्या पाण्यात जातात. हाडं जंगलात फेकली की भटकी कुत्री मागोमाग येतात, मग ती भेकराच्या मागं लागतात आणि कुत्र्यांच्या वासावर बिबट्या गावाजवळ येतो. 'हाडं कुजतात की' हे मी दर वर्षी ऐकतो. कुजतात, पण कुत्री त्याआधी पोचतात.

ताटांचंही तेच. थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, म्हणून लोक चकचकीत कागदी प्लेट आणतात आणि पुण्य मिळाल्यासारखे खुशाल टाकून येतात. ती चकाकी बहुतेक वेळा प्लास्टिकच्या पातळ थराची असते. मी घरची स्टीलची ताटं नेतो. वजन होतं, खरंय. ज्याला ताटाचं वजन जड वाटतं त्यानं गावातल्या बाईंना आदल्या दिवशी फोन करून जेवण सांगावं. भाकरी, पिठलं, खर्डा, कोंबडी हवी तर कोंबडी. चूल त्यांची, भांडी त्यांची आणि खरकटं त्यांच्या उकिरड्यावर. फक्त ऐनवेळी दहा माणसं वाढवू नका, सगळं मोजून केलेलं असतं.