पर्यायांची गोष्ट शेवटाला कशी न्यावी

वाचणाऱ्याने पर्याय निवडायचा आणि त्याप्रमाणे गोष्ट पुढे सरकायची, असा नुसत्या मजकुराचा खेळ एकट्याला करता येतो. चित्रं लागत नाहीत, कोडिंग नावापुरतं. तरी बरेच जण अर्ध्यावर सोडतात. ‘आधी जग उभारा, नकाशे काढा, पात्रांच्या वंशावळी लिहा’ असं सांगणाऱ्यांचा त्यात मोठा हात आहे. माझ्याकडे वंशावळींची अख्खी वही आहे. तिच्यातून एकही खेळ निघाला नाही.

१. साधन
ट्वाइन (Twine) हे असे खेळ लिहायचं सॉफ्टवेअर घ्या. ख्रिस क्लायमसने २००९मध्ये आणलेलं, फुकट आणि मुक्तस्रोत. दुहेरी चौकटी कंसात [[बॅग उघडा]] लिहिलं की लिंक होते आणि त्या नावाचं नवं पान आपोआप तयार होतं. ब्राउझरमध्ये लिहीत असाल तर गोष्ट त्या ब्राउझरच्या साठ्यातच राहते, साइट डेटा पुसला की गोष्टही गेली. रोज फाइल उतरवून ठेवा.

२. कणा
एक शेवट लिहा. मग सुरुवातीपासून तिथपर्यंत, एकही पर्याय न देता, दहा पानांची सरळ गोष्ट.

३. फांद्या
मी आपटलो ते इथे. पहिल्या खेळात प्रत्येक पानावर दोन पर्याय आणि प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र वाट, असा थाट होता. आठ महिन्यांनी १४३ पानं झाली आणि एकही वाट शेवटाला पोचलेली नव्हती. हिशेब आधी केला असता तर? असे दहा टप्पे म्हणजे १,०२४ शेवट. शेवटाचं पान फक्त शंभर शब्दांचं धरलं तरी तेवढेच लाखाच्या वर शब्द. आणि वाचणारा एका खेपेत बघणार अकरा पानं.

तेव्हा वाटा फुटल्या की दोन-तीन पानांत त्या परत एकत्र आणा. ‘ही तर फसवणूक’ असं मलाही वाटायचं. नाही. वाचणारा वाटा मोजत बसत नाही. आपण काय केलं ते गोष्टीच्या लक्षात आहे का, एवढंच बघतो. ते लक्षात ठेवायला व्हेरिएबल असतात, म्हणजे खेळाने जपून ठेवलेल्या नोंदी: ‘बॅग उघडली: हो’ अशा.

समजा, रात्रीची गाडी आहे आणि समोरच्या बाकावर कुणाची तरी राहिलेली बॅग. पर्याय तीन: उघडा, तिकीट तपासनिसाला द्या, हात लावू नका. प्रत्येकाला एकच छोटं पान. मग पुढचं स्टेशन, आणि बॅग शोधत आलेला माणूस. हे पान तिघांना सामायिक, बदलतात फक्त दोन ओळी. बॅग उघडली असेल तर: ‘तुमच्या बोटांना अत्तराचा वास आहे. त्यालाही तो येतो.’ दिली असेल तर: ‘देताना काय सांगितलंत?’ असं तो विचारतो. हात लावला नसेल तर तो आतले पैसे दोनदा मोजतो आणि तुमच्याकडे बघतो. लिहायला लागल्या सहा ओळी, पण निर्दोष माणसावर आलेला तो संशय वाचणारा विसरत नाही.

व्हेरिएबल चार-पाचच ठेवा, शक्यतो हो-नाही स्वरूपाचे. एखादा पुढे किमान दोनदा कामाला येत नसेल तर काढून टाका. ‘धैर्य ७, बुद्धी ४’ असले आकडे तर मुळीच नकोत. ते सांभाळण्यात गोष्ट राहून जाते.

४. भाषा
मराठीत लिहिताना हे कुणी सांगत नाही. ‘तू दाराकडे जातोस’ लिहिलंत की वाचणारीला बाहेर काढलंत. ‘तुम्ही’ वापरा: जाता, थांबता, पोचलात. सगळ्यांना चालतं. विशेषणं मात्र दगा देतात. ‘तुम्ही एकटे आहात’ऐवजी ‘डब्यात दुसरं कुणी नाही’, ‘दमलेले’ऐवजी ‘तुम्हाला दम लागलाय’. मी लिहून झाल्यावर फक्त याच्यासाठी सगळी पानं एकदा चाळतो.

५. चाचणी
कुणाला तरी खेळायला बसवा, मागे उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. हे शेवटचं सर्वांत अवघड. ‘अगं, तिथे क्लिक कर ना’ असं म्हणावंसं वाटलं की ते पान चुकलंय असं समजा. ‘आवडलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘ती बॅग कुणाची होती असं तुला वाटलं?’ असं विचारा.

६. प्रकाशन
‘Publish to File’ (फाइलमध्ये प्रकाशित करा) हा पर्याय दाबा. एकच एचटीएमएल फाइल मिळते, ती ब्राउझरमध्ये उघडते.