रोवणीच्या हंगामात हत्तीपायाची काळजी: बांधीइतकंच मोरीकडेही लक्ष द्या

परे (धानाची रोपं) तयार झाले, चिखलणी सुरू झाली की पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात पुढचा महिना-दीड महिना बहुतेकांचे पाय दिवसभर चिखलात असतात. याच दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तक्रार हमखास येते: पाय एकाएकी लाल होऊन सुजला, हुडहुडी भरून ताप आला, जांघेत अवधाण आलं. ज्यांना हत्तीपाय आधीपासून आहे त्यांच्या तर हे पाठीशीच लागलेलं असतं. त्यामुळे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांत बरेच लोक म्हणतात की हत्तीपाय बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, पाण्यानं होतो. हे अर्धंच खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यामुळे खरा उपाय राहून जातो.

हत्तीपाय ज्यातून येतो तो हत्तीरोग होतो सुतासारख्या बारीक कृमीमुळे. आपल्या भागातल्या कृमीचं नाव वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. तो माणसाच्या लसिकावाहिन्यांत (अंगातला जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत) बसतो, तिथे ६ ते ८ वर्षं जगतो आणि त्या वाहिन्या निकामी करत जातो. एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात त्याची पिल्लं नेतो क्युलेक्स डास, आणि या डासाला घाण, कुजकं पाणी लागतं. बांधीतल्या त्यामानानं स्वच्छ पाण्यात वाढणारे डास वेगळे. त्यांतले काही मेंदूज्वर आणि मलेरिया पसरवतात, म्हणून बांधीलाही क्लीन चिट नाही. पण हत्तीरोगाचा डास वाढतो तो मोरीखालच्या डबक्यात, तुंबलेल्या नालीत, सेप्टिक टँकमध्ये, गोठ्याच्या कडेला साचलेल्या मुतात. म्हणजे घरापासून दहा पावलांवर.

एक-दोन चाव्यांनी हा रोग होत नाही. बाधित डास महिनोन् महिने, वर्षानुवर्षं चावत राहिले तर कृमी अंगात ठाण मांडतो. लागण बहुतेकदा लहानपणीच होते आणि पाय किंवा अंडकोश सुजलेला दिसतो तो ऐन कष्टाच्या वयात. म्हणून धोका कुणाला जास्त, तर ज्याचं घर उघड्या नालीला लागून आहे त्याला, जो मच्छरदाणीशिवाय झोपतो त्याला, रानडुकरांसाठी जागलीला उघड्या अंगानं जाणाऱ्याला, आणि दरवर्षी वाटल्या जाणाऱ्या हत्तीरोगाच्या गोळ्या खिशात घालून विसरणाऱ्याला. जागलीचा मुद्दा शेतकऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावा. क्युलेक्स रात्री चावतो, आणि कृमीची पिल्लंही साधारण रात्री १० ते २ या वेळेतच रक्तात वर येतात. म्हणूनच आरोग्य कर्मचारी रात्री दार वाजवून बोटातलं रक्त मागतात. झोपमोड होते खरी, पण त्यांना हाकलू नका.

इथिओपियाच्या डोंगराळ भागात लाल ज्वालामुखी मातीत पिढ्यानपिढ्या अनवाणी राबणाऱ्यांचे पाय डासांशिवायही असेच सुजतात. तो वेगळा आजार आहे. आपल्याकडच्या हत्तीपायाचं खापर मातीवर फोडू नका.

आता घराकडे वळू. मोरीचं पाणी जिथे साचतं तिथे उन्हात जरा वाकून बघा. पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीकडून लटकलेल्या, डोकं खाली केलेल्या बारीक अळ्या दिसतील. तुमची सावली पडली की वळवळत तळाला जातात आणि श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. अंड्यांचा काळसर पुंजका इवल्याशा तराफ्यासारखा तरंगत असतो आणि एका पुंजक्यात शंभरावर अंडी असतात. अंड्यापासून उडता डास व्हायला या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस नाली खरडून वाहती करायची, हे वेळापत्रक चुकवू नका. नाली वाहतीच होत नसेल तर ट्रॅक्टरचं किंवा इंजिनाचं जळकं ऑईल थोडंसं सोडा. पातळ थर पसरला तरी अळ्यांना श्वास घेता येत नाही. मात्र ते ऑईल विहिरीकडे, बोडीकडे (शेतातल्या लहान तळ्याकडे) किंवा बांधीकडे वाहून जाणार नाही अशाच जागी. उरलेलं कीटकनाशक नालीत ओतण्याची सवय काहींना आहे, ती मोडा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले. तीच औषधं घराच्या दाराशी, जिथे पोरं आणि कोंबड्या फिरतात, तिथे ओतण्यात शहाणपण नाही.

कायमचा इलाज शोषखड्ड्याचाच. नांदेड जिल्ह्यात अनेक गावांनी घरोघरी ‘मॅजिक पिट’ करून नाल्याच बंद केल्या. साधारण चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-गोटे आणि वर झाकण. मोरीचं पाणी टाकीत पडतं, गाळ तळाला बसतो, पाणी भोकांतून जमिनीत मुरतं. गाळ अधूनमधून काढला नाही तर खड्डा तुंबतो, आणि तुंबलेला खड्डा उघड्या नालीइतकाच वाईट. भारी, पाणी न मुरणाऱ्या जमिनीत तो भर पावसात भरूनही येतो, म्हणून जागा उंचावर निवडा. संडासाच्या टाकीला जो हवेचा पाइप वर गेलेला असतो, त्याच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधा. खर्च नगण्य आणि उपयोग मोठा, तरी गावात फिरलं की दहातले नऊ पाइप उघडेच दिसतात. गोठ्यात फरशीला उतार देऊन मूत एका झाकलेल्या टाकीत घ्या. तसंही ते खताचं सोनं आहे. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे हौदात, वापरात नसलेल्या विहिरीत चालतील. मामा (जुन्या मालगुजारी) तलावात आणि बोडीत सोडू नका, तिथले गावरान मासे ते काम करतातच.

आता बांधी. तिथला चिखल हत्तीरोग देत नाही, पण असलेला वाढवतो. सतत ओल्या पायांच्या बोटांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून भेगाळते आणि तिथून जिवाणू आत शिरतात. ज्याच्या लसिकावाहिन्या आधीच कमकुवत झाल्या आहेत त्याला मग ताप-थंडी-लाली असा झटका येतो, आणि दर झटक्यानंतर पाय पूर्वीपेक्षा थोडा जाडच राहतो. रोवणी करणाऱ्या बायांना ‘गमबूट घाला’ सांगणं सोपं आहे. गाळात दोन पावलांत बूट रुतून बसतो हे सांगणाऱ्यालाही माहीत असतं. त्यापेक्षा हे करा. बांधीत उतरण्याआधी बोटांच्या बेचक्यात खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळा. घरी आल्यावर साध्या पाण्यानं आणि साबणानं पाय हलक्या हातानं धुवा. दगडानं घासू नका. मग मऊ सुती कापडानं एकेक बेचकं कोरडं करा. बेचक्यात पांढरं पडलं असेल तर बुरशीवरचं मलम लावा. रात्री पायाखाली उशी किंवा गोधडीची घडी ठेवा.

घरात कुणाचा पाय आधीच सुजलेला असेल तर त्या माणसाला रोवणीला लावू नका. बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया, मजुरांचा हिशोब, डबे पोचवणं अशी कोरडी कामं कमी नसतात. शेत थोडंच असेल तर आवत्या (रोवणी न करता बी थेट फेकून पेरणं) किंवा ड्रम सीडर (बी ओळीत टाकणारं हातओढीचं यंत्र) यांचा विचार करा; तणाचा त्रास वाढतो, पण चिखलातले दिवस वाचतात. झटका आलाच तर चोळू नका, डाग देऊ नका, काही टोचू नका. थंड पाण्याची पट्टी, भरपूर पाणी, विश्रांती आणि त्याच दिवशी दवाखाना. पुरुषांनी अंडवृद्धी लपवून वर्षं काढू नयेत; तिची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात होते आणि माणूस पुन्हा कामाला लागतो.

हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम देशात १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास असते; तुमच्या जिल्ह्याची फेरी कधी ते आशाताईंना विचारून ठेवा. त्यात कृमी मारणारी औषधं मिळतात: डीईसी आणि अल्बेंडाझोल, काही जिल्ह्यांत जोडीला आयव्हरमेक्टिन. या तीन औषधांची पद्धत देशात ज्या जिल्ह्यांत आधी सुरू झाली त्यांत नागपूर होतं. गोळ्या जेवून, कर्मचाऱ्यासमोरच घ्या. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी माणसं सोडून सगळ्यांनी, धडधाकट असलेल्यांनीही घ्यायच्या. नंतर थोडा ताप, डोकेदुखी, मळमळ झाली तर बहुधा अंगातली कृमीची पिल्लं मरत असतात. ते एक-दोन दिवसांत ओसरतं, जास्त वाटलं तर आरोग्य केंद्रात दाखवा. मोहीम ऐन रोवणीत आली तर मुकादमाला सांगून मजुरांच्या जेवणाच्या सुट्टीत वाटप बांधावरच करून घेता येतं.

मुसळधार पावसात नाल्या धुवून निघतात, त्यामुळे आषाढ-श्रावणात क्युलेक्स थोडा कमीच असतो. खरा जोर उघाड पडल्यावर, अश्विनापासून पुढे. म्हणून हलकं (लवकर येणारं) धान कापणीला येण्याआधीच ग्रामपंचायतीकडून गावातल्या नाल्यांचा गाळ काढून घ्या. काढलेला गाळ नालीच्या काठावर ठेवू देऊ नका, पुढच्या सरीला तो परत आत जातो.