कॅटलॉगमधली छपाईची चूक निस्तरताना या चुका टाळा

कॅटलॉग वाटून झाले, ऑर्डरी सुरू झाल्या आणि मग लक्षात येतं की २२ व्या पानावर ८९० ऐवजी ८९ छापलंय. अशा वेळी मूळ चुकीपेक्षा घाईघाईत केलेली मलमपट्टीच अनेकदा महागात पडते.

चूक कुठली हे न बघताच फोनाफोनी करणे

आधी वेगवेगळ्या गठ्ठ्यांतल्या निदान तीन प्रती काढा आणि तेच पान उघडा. तिन्हींत सारखीच चूक असेल तर ती बहुधा फाइलमधली, म्हणजे सगळ्या प्रतींत असणार. काही गठ्ठ्यांत आहे आणि काहींत नाही, असं दिसलं तर मध्येच दुरुस्ती करून पुढची छपाई झालेली असू शकते. ते गठ्ठे लगेच वेगळे करा.

पानं गायब किंवा दोनदा आली असतील तर तो बाइंडिंगचा दोष. पानं सुटी छापत नाहीत, ८ किंवा १६ पानांचा फर्मा, म्हणजे तेवढी पानं असलेला एकच मोठा कागद, छापून घडी घालतात, त्यामुळे ती जातात तीही सहसा फर्म्यानेच. ३२ पानी, मधोमध पिन मारलेल्या कॅटलॉगात आतला १६ पानी फर्मा राहिला, तर ८ नंतर थेट २५ वं पान येतं. ही प्रत दुरुस्त करत बसू नका, बदलून घ्या. त्याच गठ्ठ्यातल्या बाकीच्या प्रतीही चाळा, कारण असा दोष एकट्यादुकट्या प्रतीवर क्वचितच थांबतो.

चुकीच्या कोडकडे किरकोळ म्हणून बघणे

किमतीची चूक ग्राहकच दाखवून देतो. कोडची चूक मात्र पार्सल उघडल्यावर कळते, म्हणून ती जास्त वाईट. ऑर्डरची नोंद कोडवर होते, वस्तूच्या नावावर नाही. छापलेला चुकीचा कोड दुसऱ्याच एखाद्या वस्तूचा निघाला तर सिस्टिम हूं की चूं करत नाही, निमूट ती वस्तू पाठवते.

चूक कळताच आलेल्या ऑर्डरींत तो कोड शोधा. माल निघायच्या आत त्या प्रत्येक ग्राहकाला वस्तूचं नाव, माप आणि पान क्रमांक विचारून खात्री करा. इथून पुढे ऑर्डर फॉर्मवर कोडसोबत या तिन्ही गोष्टी लिहायची सवय लावा. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि इंग्रजी आय यांची गल्लत तर नेहमीची.

पेनाने खाडाखोड

गुळगुळीत कागदावर बॉलपेन घसरतं, जेल पेनची शाई पुसली जाते, आणि हाताने वाढवलेली किंमत पाहून ग्राहकाला वाटतं की विक्रेत्यानेच चढवली. त्यापेक्षा छापील स्टिकर लावा. साधा पांढरा स्टिकर चालत नाही, खालचा काळा आकडा त्यातून डोकावतो. अपारदर्शक, करड्या किंवा काळ्या पाठीचा मागवा. जुन्या आकड्यापेक्षा तो चारी बाजूंनी २-३ मिलिमीटर मोठा हवा, पण शेजारचा कोड झाकता कामा नये. लॅमिनेशन केलेल्या पानावर आधी एकच लावून दुसऱ्या दिवशी कोपरे उचलतात का ते पाहा.

चुका चार-पाचांहून जास्त असतील तर शुद्धिपत्रक बरं. त्यात पान, कोड, काय छापलंय, काय हवं आणि तारीख, एवढंच. सुटी चिठ्ठी पहिल्याच घरी गळून पडते, म्हणून मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला चिकटवा.

प्रत्येक ग्राहकाला वेगळं उत्तर देणे

एकीला छापील किमतीत दिलं आणि शेजारणीला नवीन किंमत सांगितली, की संपलं. नियम एकच ठेवा. उदाहरणार्थ, दुरुस्ती जाहीर होईपर्यंतच्या ऑर्डरी छापील किमतीला, नंतरच्या योग्य किमतीला. फरक कोण सोसणार हे कंपनीकडून लेखी घ्या, नाहीतर तो गुपचूप विक्रेत्याच्या कमिशनमधून जातो. फरक दहापटीचा असेल तर माल पाठवण्याआधी ग्राहकाला कळवा आणि ऑर्डर रद्द करून पूर्ण पैसे परत घेण्याची मुभा द्या. छापील किंमत बंधनकारक आहे का, हे त्या-त्या ठिकाणच्या कायद्यावर ठरतं. तिथे अंदाजपंचे बोलू नका.

पीडीएफ विसरू नका. जुनी फाइल लोकांच्या फोनमध्ये फिरतच राहते, म्हणून नव्या फाइलच्या नावात आणि मुखपृष्ठावरही ‘सुधारित’ आणि तारीख टाका.

रंगातला प्रत्येक फरक छापखान्याच्या माथी मारणे

फोनवरचा रंग प्रकाशाचा, कागदावरचा चार शायांचा. चमकदार आणि झगझगीत छटा साध्या चाररंगी छपाईत उतरतच नाहीत. दिवसाच्या उजेडात दोन प्रती शेजारी ठेवा. त्यांच्यातच फरक दिसला तर शाईचं प्रमाण छपाईत हललेलं असू शकतं, आणि तक्रारीला जागा आहे.

तक्रारीचा निकाल लागतो सही केलेल्या प्रूफवर, म्हणजे छपाईआधी मंजुरीसाठी आलेल्या नमुन्यावर. चूक प्रूफमध्येच असेल तर खर्च सहसा आपला, प्रूफ बरोबर आणि छपाई चुकीची असेल तर छापखान्याचा. म्हणून ते प्रूफ आणि काही सदोष प्रती, स्टिकर न लावता, गठ्ठ्याचा क्रमांक लिहून बाजूला ठेवा. पुढच्या अंकात किमती फक्त काळ्या रंगात ठेवायला सांगा. प्रत्येक शाईची छपाईची प्लेट वेगळी असते, मग ऐनवेळी आकडा बदलला तरी चारऐवजी एकच प्लेट बदलावी लागते. क्यूआर कोड मात्र स्क्रीनवरून नको, छापून आलेल्या प्रूफवरूनच स्कॅन करून बघा.