प्रोजेक्टर भाड्याने घेताय? आधी टेप घेऊन हॉलवर जा

आमच्या संस्थेच्या एका वार्षिक सभेत ताळेबंद पडद्यावर दाखवायचं ठरलं आणि प्रोजेक्टर आणायचं काम माझ्याकडे आलं. मी फोन करून "एक चांगला प्रोजेक्टर पाठवा" एवढंच सांगितलं. सभा दुपारी चारला होती, पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन थेट आत येत होतं. पडद्यावर काहीतरी रकाने आहेत इतकंच कळत होतं. मागच्या रांगेतले एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, आकडे दिसत नाहीत. न बघता हात कसा वर करू?" त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. त्या दिवशी मी सगळा ताळेबंद मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर हॉल मोजल्याशिवाय मी प्रोजेक्टर मागवलेला नाही.

मोजायला सुरुवात शेवटच्या रांगेपासून करा, कारण जो सगळ्यात मागे बसतो त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप असतो. शेवटच्या खुर्चीपासून पडद्यापर्यंतचं अंतर घ्या आणि ६ ने भागा. निदान तेवढी तरी चित्राची उंची हवी. नुसते फोटो किंवा फिल्म असेल तर ८ ने भागलं तरी चालतं, बारीक आराखडे वाचायचे असतील तर ४ ने भागा. समजा शेवटची खुर्ची १० मीटरवर आहे. म्हणजे उंची साधारण १.७ मीटर, आणि १६:९ च्या चित्राला रुंदी ३ मीटर. आता छताकडे बघा. पुढे बसलेल्यांच्या डोक्यांवरून दिसायला चित्राची खालची कड जमिनीपासून १.२ मीटरवर तरी पाहिजे, म्हणजे वरची कड २.९ मीटरवर जाते. छत ठेंगणं असेल तर मोठ्या पडद्याचा हट्ट सोडा, खुर्च्या पुढे घ्या आणि अक्षरं मोठी करा. ताळेबंदाची अख्खी शीट एका स्लाइडवर मी कधीच टाकत नाही. आठ-दहा ओळी झाल्या की पुढची स्लाइड.

आता उजेड. बहुतेक जण इथेच चुकतात, मीही चुकले होते. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. पडद्यावर जो काळा दिसतो तो म्हणजे पडद्याचा उजेड न पडलेला भाग, त्यामुळे खोलीतला उजेड त्याच्यावर पडला की काळा राखाडी होतो आणि अक्षरं त्यात बुडतात. गणित सोपं आहे. प्रोजेक्टर एकूण किती उजेड फेकतो ते लुमेनमध्ये सांगतात. लुमेनला चित्राच्या क्षेत्रफळाने, चौरस मीटरमध्ये, भागलं की पडद्यावर किती लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला किती उजेड, पडतो ते कळतं. आपला ३ मीटर रुंद पडदा साधारण ५.१ चौरस मीटरचा. ३००० लुमेनचा प्रोजेक्टर त्यावर सुमारे ५९० लक्स देतो. दिवे आणि खिडक्या मिळून पडद्यावर ३०० लक्स पडत असतील, तर पांढरा भाग काळ्याच्या जेमतेम तिप्पट उजळ दिसतो. मग वाटतं, मोठा प्रोजेक्टर घेऊ. ५००० लुमेन घेतले तरी हे प्रमाण चारपटीच्या थोडंसंच वर जातं. उलट तोच ३००० वाला ठेवून पडद्याजवळच्या दिव्यांची ओळ बंद केली, खिडक्यांना जाड पडदे लावले आणि खोलीचा उजेड पडद्यावर ४० लक्सवर आणला, तर प्रमाण सोळापटीच्या आसपास जातं. वाचून निर्णय घ्यायचा असेल तर १५ पट हवं, असं दृकश्राव्य व्यवसायाचं मानक सांगतं. म्हणून सभा ज्या वेळी आहे त्याच वेळी हॉलवर जा. फोनमधलं लक्स मोजायचं ॲप अंदाजापुरतं पुरतं. कोणतं बटण कोणते दिवे विझवतं हे कागदावर लिहून घ्या. सगळे दिवे एकाच बटणावर असतील तर पडद्यासमोरच्या ट्यूब काढून ठेवता येतील का, हे हॉलच्या माणसाला आधीच विचारा.

लुमेनचा आकडा विचारताना "एएनएसआय किंवा आयएसओ लुमेन किती?" असंच विचारा. ही दोन्ही मोजणीची मानकं आहेत, त्यांत मोजणी पडद्याचे नऊ भाग करून, प्रत्येकावर पडलेल्या उजेडाची सरासरी काढून करतात. काही लहान प्रोजेक्टरवर नुसता दिव्याचा उजेड छापलेला असतो. तो आकडा कितीतरी मोठा दिसतो, पण पडद्यापर्यंत पोचत नाही. आणि मशीन दिव्याचं असेल तर दिवा किती तास चालला आहे तेही विचारा, मेनूत तो आकडा दिसतो. ठरलेलं आयुष्य संपत येईपर्यंत दिव्याचा उजेड निम्म्यावर येऊ शकतो. लेझरच्या मशीनमध्ये ही उतरण खूप हळू होते, त्यांचं आयुष्य साधारण २०,००० तास सांगतात. दोन्हींपैकी निवड करता येत असेल तर लेझर घ्या.

दुसरा महत्त्वाचा आकडा म्हणजे थ्रो रेशो. चित्राच्या रुंदीला त्याने गुणलं की प्रोजेक्टर किती लांब ठेवायचा ते कळतं. १.५ असेल तर ३ मीटर रुंदीसाठी ४.५ मीटर. ही जागा बहुतेक वेळा नेमकी खुर्च्यांच्या मध्ये येते. एकदा मी सभा सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी लोकांना उठवून दोन रांगा हलवल्या होत्या. खोली लहान असेल तर ०.५ च्या आसपासचा शॉर्ट थ्रो मागा, तो दीड मीटरवर बसतो आणि बोलणाऱ्याची सावलीही कमी पडते. अगदी भिंतीलगत ठेवायचा अल्ट्रा शॉर्ट थ्रो मात्र ताणलेल्या, सपाट पडद्यावरच वापरा. लोंबत्या कापडाची प्रत्येक सुरकुती त्यात दिसते.

प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ ठेवा. तिरका ठेवून प्रोजेक्टरमधल्या कीस्टोन या सोयीने चित्र चौकोनी करता येतं, पण त्यात पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, वाया जातात आणि बारीक अक्षरं मऊ पडतात. पिक्सेलवरून आठवलं, जुन्या मशीनचं रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ असतं. तक्ते दाखवायचे तर निदान १९२० बाय १०८० मागा.

केबलचं एकदाच पक्कं करा. लॅपटॉपपासून प्रोजेक्टरपर्यंतचं अंतर भिंतीच्या कडेने मोजा, हवेतून नाही. साधी एचडीएमआय केबल १० मीटरपर्यंत ठीक. त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय किंवा नेटवर्क केबलवर चालणारा एक्स्टेंडर लागतो. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर जातंच असं नाही, त्यामुळे जो लॅपटॉप सभेत वापरणार तोच जोडून बघा. जुन्या व्हीजीए केबलमधून आवाज जात नाही. आवाजाचं एवढंच सांगते की प्रोजेक्टरच्या आतल्या स्पीकरवर हॉल सोडू नका.

फोनवर आणखी दोन गोष्टी ठरवून घ्या: मशीन बंद पडलं तर दुसरं किती वेळात येईल, आणि जोडायला माणूस येणार का. तो निदान दोन तास आधी यायला हवा. तो असतानाच स्वतःची फाइल लावा, विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा, दिवे सभेत असतील तसे करा आणि शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसा. सगळ्यात लहान आकडा वाचता आला तरच त्या माणसाला जाऊ द्या.

सभा संपल्यावर लगेच प्लग काढू नका. दिव्याच्या मशीनमध्ये दिवा विझल्यावरही पंखा चालू राहतो, तो थांबू द्या. सामान येतं तेव्हा मी रिमोट, केबली, ॲडाप्टर, लेन्सचं झाकण, पिशवी असं सगळं टेबलावर मांडून फोटो काढते, आणि परत देताना तोच फोटो समोर ठेवून नेणाऱ्या माणसाबरोबर मोजते.